इंजिनाच्या गळ्यातला हार

मी हेलिकॉप्टरचा पंखा बोलतोय. इंजिन नव्हे, पंखा. आधीच सांगितलेले बरे, कारण हेलिकॉप्टर म्हटले की लोक इंजिनाचेच कौतुक सुरू करतात आणि माझा जळफळाट होतो.

माझा जन्म परदेशातला. लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, घासूनपुसून माझी दोन लांब पाती केली. पेटीत निजून मी बोटीने मुंबईला आलो आणि तिथून कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या धावपट्टीवर. एक कंपनी तिथून भातशेतीवर औषध फवारायची. प्रभाकर हेलिकॉप्टर चालवायचा आणि ठाण्याच्या कोपरीतला नाथा त्याची देखभाल करायचा.

आमचे जुने इंजिन बिचारे अशक्त. थोडे ओझे वाढले की धापा टाकायचे. त्याचा मला कधी हेवा वाटला नाही. मग एकोणीसशे छप्पन साली नवे, चांगले ताकदीचे इंजिन आले आणि नाथा त्याच्या प्रेमातच पडला. येताजाता त्याला पुसायचा, त्याच्यावरून हात फिरवायचा. माझ्यावर कावळे बसत, ते कोणी हाकलत नसे.

खंडेनवमीला नाथाची बायको तुळसा झेंडूचा हार घेऊन आली. नाथाने इंजिनाला हळदकुंकू लावले, हार घातला, नारळ फोडला.

"आनि या पंख्याला?" तुळसाने विचारले.

"त्याला कशाला? इंजिन फिरवतंय म्हणून तो फिरतोय. आता बघ, हे इंजिन खडवलीला निम्म्या वेळात नेतंय का नाय!"

"चल, आजच बघू," प्रभाकर हसत म्हणाला.

म्हणजे मी नुसता नोकर! माझ्या अंगाची लाही लाही झाली. हार काढून ठेवला आणि आम्ही उडालो.

आता माझे दुखणे ऐका. फिरताना माझे एक पाते वाऱ्यावर चालून जाते, तेव्हा दुसरे मागे मागे जात असते. हेलिकॉप्टर जितके जोरात पुढे पळेल, तितका त्या मागे जाणाऱ्या पात्याला वारा कमी मिळतो. वाराच नसेल तर मी उचलू कशाने? ताकदवान इंजिनाने ओझे जास्त उचलता येते, लवकर वर चढता येते. वेगाची हद्द मात्र माझ्यापाशी ठरते.

"साहेब, अजून दाबा ना!" नाथा ओरडत होता.

इंजिन मजेत गुरगुरत होते. मी मात्र थरथरू लागलो. खरे सांगतो, आधी मला आनंदच झाला. आता याची फजिती होणार! तेवढ्यात हेलिकॉप्टरचे नाक वर उठले, ते डावीकडे कलंडले आणि नाथाच्या तोंडून "तुळसे!" एवढेच निघाले. माझा सगळा आनंद तिथेच विरला. खाली गेलो असतो तर इंजिनाबरोबर ही दोन माणसेही गेली असती. मी कडकडलो, पण तुटलो नाही.

प्रभाकरने घाईने माझ्या पात्यांचा तिरपेपणा कमी करणारा दांडा खाली घेतला, वेग उतरवला. माझ्या पात्यांना पुन्हा वारा लागला आणि आम्ही धडपणे धावपट्टीवर परतलो.

"इंजिनाला काय झालं?" नाथाने उतरल्या उतरल्या विचारले.

"इंजिनाला काही झालेलं नाही रे. पंखाच याहून जोरात नेऊ शकत नाही. याच्या दुप्पट ताकदीचं बसवलंस तरी नाही."

नाथाने पहिल्यांदाच माझ्यावरून मायेने हात फिरवला. मी सुखावलो, आणि त्याचे बोट एका चिरेवर थांबले.

माझ्या जागी नवा, धातूचा पंखा आला. नाथाने मला भंगारात जाऊ दिले नाही, हे मान्य. माझे एक पाते कापून त्याने कोपरीतल्या घराच्या ओटीवर बाक केला. तोच मी.

आज पुन्हा खंडेनवमी. तुळसा सकाळपासून माझ्यावर बसून झेंडू ओवतेय.

"दोन हार केलेस ना?" आतून नाथाने विचारले. "पंख्याचा मोठा कर गं. त्याचा मान पहिला."

पंख्याचा! म्हणजे त्या नव्याचा. थरथरलो मी, चीर गेली मला, आणि मान त्या चकचकीत उपऱ्याला!

तुळसाच्या मांडीवरून एक फूल घरंगळून माझ्यावर पडले. क्षणभर वाटले, राहू देईल. तिने ते उचलले आणि मोठ्या हारात ओवले.

कधी कोपरीत आलात तर या बाकावर जरूर टेका. आणि उठताना एखादे फूल पडलेच, तर तेवढे उचलू नका.