शिवमची रुईची बंडी

मी एक रुईची बंडी बोलतेय. माझ्या पोटातला कापूस तेल्हाऱ्याच्या पंजाबरावांच्या शेतातला. पिंजाऱ्याने तो पिंजला, त्यांच्या बायकोने, सिंधूबाईंनी, टाके घातले आणि थोरल्या मुलाला, शिवमला, बजावलं, "तिकडे हिव लय असते म्हणतात. हे आंगातून काढू नको."

शिवम परदेशी निघाला होता, चोरवाटेने. नोकरभरती निघायची, रद्द व्हायची, पुन्हा निघायची. सरकारवरचा त्याचा भरोसा उडाला आणि अमरावतीच्या एका एजंटावर बसला. निवडणुकीच्या सभेत 'घुसखोर हाकला' म्हणून हाच शिवम घसा बसेपर्यंत ओरडला होता. धाकटा श्याम चिडवायचा, "दादा, आता तूच घुसखोर होशीन न?" दोघेही हसायचे.

सीमेवरच्या नदीत मी भिजले. ओल्या कापसाला भाव नसतो, एवढं त्या घराला माहीत होतं. ओली बंडी माणसाला गारठवून मारते, हे कोणालाच नव्हतं. त्याच वाटेने निघालेला सोबती म्हणत होता, फेक ती. पण आईचा शब्द! शिवम बर्फात टेकला तो उठलाच नाही.

सोबत्याने मला त्याच्या अंगातून सोडवलं. पुढे तो पकडला गेला, परत पाठवला गेला आणि मला घेऊन घरी आला. शिवम तिकडच्या शवागारातच राहिला.

"बंडी आंगात होती न त्याच्या?" सिंधूबाईंनी एवढंच विचारलं. सोबत्याने होय म्हणून मान हलवली आणि मला त्यांच्या हातात ठेवलं.

मग हेलपाटे सुरू झाले. अकोल्याच्या कचेरीत म्हणाले, तो रीतसर गेलाच नव्हता, तर आणायचा कसा? त्या निवडणुकीच्या सभेतले पुढारीसाहेब घरी आले, मला हातात धरून फोटो काढला आणि पुढे फोन उचलेनासे झाले. थकून पंजाबराव म्हणाले, बंडीलाच अग्नी देऊ, मोकळे होऊ.

सिंधूबाईंनी मला छातीशी धरलं. "हे जाळली त सरकार सुटलं. मंग त्याले कोन आणन?"

श्यामने पुढचं ऐकलंच नाही. मला ओढलं, अंगात घातलं आणि अकोल्याची बस धरली.

आता मे महिन्याच्या भर उन्हात तो कचेरीच्या दाराशी बसलाय. मी त्याच्या घामाने चिंब झालेय. बाबांनो, माझं काय करायचं ते करा, पण आधी शिवमला त्याच्या गावी आणा.

दारावरचा शिपाई हसतो. "काहून बे, थंडी वाजून राहिली का?"

"मले नाही," श्याम म्हणतो. "दादाले वाजून राहिली."