पेन्सिलीचे शेरे

आरतीची वही शुक्रवारी पाचच्या आत सरकारी कार्यालयात पोचली नाही, तर तिला यंदा परीक्षेला बसता येणार नव्हतं. दोन वर्षं लेथ मशीनवर काम करायचं, दरमहा विद्यावेतन घ्यायचं आणि शेवटी परीक्षा देऊन टर्नरचं प्रमाणपत्र मिळवायचं, असा शिकाऊ उमेदवारीचा करार होता. पाथर्डीकडच्या त्या मुलीचे आईबाप ऊसतोडीला जायचे. प्रमाणपत्र हातात आलं की कारखाना तिला कायम करणार होता. वह्या तपासून पुढे पाठवायचं काम ऑफिसात प्रणिताकडे होतं.

शुक्रवारी सकाळी तिनं वही उघडली आणि पहिल्याच पानावर थांबली. पंधरवड्याच्या कामाखाली शेऱ्याच्या चौकटीत निळ्या शाईत लिहिलं होतं, 'हात जड पडतोय.' पुढच्या पानावर, 'घाई नडली.' मग पानामागून पान, 'हात बसतोय.' प्रत्येक शेऱ्याखाली नाव, वैजनाथ. वळण वैजनाथांचं होतं, पण शाई त्यांची नव्हती. त्यांना जाऊन दीड महिना झाला होता.

वैजनाथ कधी शाईनं लिहायचेच नाहीत. तीन वर्षांपूर्वी तपासणी आली, तेव्हा शिकवणाऱ्याकडेही प्रमाणपत्र हवं असं निघालं. वैजनाथ सातवी शिकलेले, दुसऱ्याच्या मशीनपाशी उभं राहून काम शिकलेले. एकतीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. प्रणितानं त्यांना सांगितलं होतं, "तुम्ही शिकवा. सही गोरक्षनाथ सर करतील." ते "बरं" म्हणाले. तेव्हापासून ते शेरे पेन्सिलीनं लिहायला लागले, अगदी हलक्या हातानं, म्हणजे तिला खोडायला त्रास पडू नये. तिनंही ते खोडले. त्या जागी ती 'समाधानकारक' लिहायची आणि सुपरवायझर गोरक्षनाथ खाली सही करायचे.

तिनं आरतीला बोलावून घेतलं.

"हे काय केलंस तू?"

"गिरवलं, मॅडम."

"कोणी सांगितलं?"

"कोनी न्हाई. मामा म्हनायचे, माझं वर ऑफिसात खोडत्यात. मग ते गेल्यावर जेवनाच्या सुट्टीत रोज चार-चार पानं गिरवली."

"अगं, यानं वही परत येऊ शकते. वर्ष जाईल तुझं."

"मला शिकवलंय त्यांनी, मॅडम. गोरक्षनाथ सर माझ्या मशीनपाशी येतात ते फक्त च्याचा कप ठेवाया."

प्रणिताला एरवी हसू आलं असतं. तिनं कपाटातून कोरी वही काढून टेबलावर ठेवली. वही पोचवायचा वेळ सोडला तरी चार तास होते. पन्नास-साठ पानं उतरवून झाली असती, गोरक्षनाथांची सही झाली असती, सगळं नेहमीसारखं मार्गी लागलं असतं. आरतीनं कोऱ्या वहीकडे पाहिलं आणि जुन्या वहीवर हात ठेवला.

"मामांची पोरगी पुन्याला हाय, लई शिकलेली हाय म्हनायचे," ती म्हणाली. "दहाव्याला आमी सगळे टेम्पो करून त्यांच्या घरी गेल्तो. ती काय दिसली न्हाई. सारखं तिचंच नाव घ्यायचे, आन तिला बापाच्या दहाव्याला सवड झाली न्हाई. मग त्यांचं म्हनून राहिलं काय? एवढी वहीच ना?"

त्या दिवशी प्रणिता आतल्या खोलीत बसून होती. चुलती दोनदा येऊन म्हणाली, तुझ्या कंपनीची माणसं आलीत, बाहेर ये. तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. ओसरीवरचे आवाज तिनं एकेक करून ओळखले. टेम्पो सुरू झाल्याचं ऐकू आलं, तेव्हाच ती उठली.

कारखान्यात वयानं मोठ्या कामगाराला सगळे मामा म्हणतात. तीही वैजनाथांना मामाच म्हणायची. ती नोकरीला लागली, त्या पहिल्या दिवशी जिन्यात त्यांना गाठून म्हणाली होती, "इथं नको सांगायला. लोक म्हणतील वशिल्यानं आली." ते कंत्राटदाराकडून कामाला होते, तिचं आडनाव सासरचं. कुणाला कळायचं कारण नव्हतं. वशिल्याचं निमित्त होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तेही मग तिला मॅडम म्हणायला लागले. मुलगी पुण्याला असते असं ते सांगायचे, हे मात्र तिला आजच कळलं.

"आरती," ती म्हणाली, "त्यांची मुलगी पुण्याला नाही. मीच ती."

आरतीनं वही जवळ ओढली.

"मग तुमी मामा का म्हनायच्या त्यांना?"

"सगळे म्हणायचे म्हणून."

"आमी मायेनं म्हनायचो," आरती म्हणाली.

प्रणितानं कोरी वही बाजूला सारली आणि गोरक्षनाथांना फोन लावला. ते वैजनाथांच्या गावाकडचेच. त्यांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं आणि ते कधी बोलले नव्हते.

"प्रत्यक्ष काम वैजनाथनं माझ्या देखरेखीखाली शिकवलं, असं ऑफिसनं लिहून दिलं तर बहुतेक चालेल," ते म्हणाले. "पण मग जुन्या वह्या मागतील. तीन वर्षांच्या. सह्या माझ्या असल्या तरी खोडलंय तू."

"हो. तसंच लिहिते."

"नोकरीवर येईल तुझ्या."

"येऊ दे."

तिनं पत्र लिहिलं. आरतीला वैजनाथांनी शिकवलं, शेरे त्यांचेच आहेत. आधीच्या उमेदवारांच्या वह्यांतले त्यांचे शेरे मी खोडले, त्यात त्या मुलांचा दोष नाही. अनुभव, एकतीस वर्षे. शिक्षण, सातवी. मग खाली तिनं आणखी एक ओळ लिहिली, हे वैजनाथ माझे वडील.

आरती उलट्या बाजूनं वाचत होती. "हे लागतं का पत्रात?"

"नाही लागत."

तिनं ओळ तशीच ठेवली. ती लिहिताना हात जराही अडखळला नव्हता, याचीच तिला जास्त लाज वाटली. ज्यांनी वाचायची ते आता नव्हते, म्हणून तर सोपं गेलं.

तिनं सही करून पत्र वहीला टाचलं. आरतीनं वही उचलून छातीशी धरली आणि दारापर्यंत गेली.

"सरांची सही घेऊन येते," ती म्हणाली. रोज वाक्याच्या शेवटी येणारं मॅडम आज आलं नाही.

प्रणितानं मान डोलावली आणि तीन वर्षांच्या वह्या काढायला उठली.