माझ्या बाहीत घुसलेली नेली

मित्रांनो, मी एक जुना स्वेटर आहे. रंग शेवाळी, डाव्या कोपराला भोक, आणि तीच डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब. स्वभावाने मी जळकुकडा आहे, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला नवल वाटायला नको.

उत्तर इंग्लंडात डरहॅमकडे आमचं गाव आहे, कोळशाच्या खाणीचं. खाण कधीच बंद पडली, पण खाणीत राबलेला सेप अजून आहे. त्याची थोरली बहीण विनी शेजारच्याच घरात राहते. तिनेच मला विणलं. डावी बाही विणताना टीव्हीवर कुस्ती रंगात आली होती आणि विनीचं टाक्यांवरचं लक्ष उडालं. पण चूक कबूल करेल ती विनी कसली!

“तुझा डावा हातच लांब आहे,” ती सेपला म्हणाली. सेपने मुकाट्याने बाही दुमडली, आणि पुढेही दुमडतच राहिला.

कितीतरी हिवाळे मी सेपच्या अंगावर काढले. सकाळी त्याच्या भाजीच्या वाफ्यावर, संध्याकाळी खाणकामगारांच्या क्लबात. आमच्या गावात लीक पिकवण्याची मोठी चुरस असते. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा थोरला भाऊ, आणि प्रदर्शनातला तर माणसाच्या दंडाएवढा जाड. एका वर्षी सेपच्या लीकला दुसरं बक्षीस मिळालं आणि पेपरात फोटो छापून आला. त्यात लीक अर्धाच दिसतो, मी मात्र पुरता दिसतो. सेपने लग्न केलं नव्हतं. त्याच्या सगळ्यात जवळचं कुणी असेल तर ते मीच, अशी माझी पक्की समजूत होती.

मग नेली आली.

नेली हे फेरेट आहे. लांबोडकं अंग, आखूड पाय, तोंडवळा मुंगसाचा. पूर्वी आमच्याकडे सशांच्या बिळात शिकारीला सोडायला घरोघरी फेरेट पाळायचे. हल्ली नुसतं हौसेने आणतात आणि हौस फिटली की टाकून देतात. अशा टाकलेल्यांना बेरिलबाई सांभाळतात. नेली त्यांना बसथांब्यामागे एका खोक्यात सापडली होती.

“दोन घरांनी परत पाठवलीय हिला,” बेरिलबाई पिंजरा खाली ठेवत म्हणाल्या. “चावते. तुमचं अंगावरचं, न धुतलेलं काहीतरी आत घाला. वास ओळखीचा झाला की माणूस ओळखीचा होतो. मी दहा दिवसांनी, शनिवारी येते. नाहीच रुळली तर घेऊन जाईन.”

“परत? चेंडू आहे का ती?” सेप म्हणाला, आणि तिथल्या तिथे त्याने मला डोक्यावरून काढलं.

मित्रांनो, काय ही माझी दशा! पेपरात झळकलेला मी, पिंजऱ्यात अंथरूण झालो. नेली माझ्या लांब बाहीत शिरून झोपायची. तिला दिलेली कोंबडीची मान नेमकी माझ्या घडीत लपवायची. तिच्या अंगाला असा उग्र दर्प की मला स्वतःचीच शिसारी यायची. आणि सेप? ज्या संध्याकाळी माझ्या होत्या, त्या आता तो पिंजऱ्यासमोर जमिनीवर पालथा पडून घालवायचा. बोटाला कच्चं अंडं लावून हात पुढे करायचा. नेली कडकडून चावायची. तो हात मागे घ्यायचा नाही, “होय गं बाई, होय,” म्हणायचा. माझी बाही एकदा खिळ्यात अडकून उसवली होती, तेव्हा मला मात्र शिवी मिळाली होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती चावायच्या आधी हुंगायला लागली. सेपचा चेहरा उजळला. मी जळून कोळसा झालो.

सोमवार हा विनीचा धुण्याचा वार, सेपचे कपडेही तीच धुते. सेप वाफ्यावर गेला होता. विनी तिच्याकडच्या किल्लीने आत आली आणि मला पिंजऱ्यात बघून जागीच थबकली.

“माझ्या हातचा स्वेटर त्या घुशीला!” तिने जाड हातमोजे घालून मला ओढून काढलं. नेलीने बाही दातांत धरली होती. विनीने ती सोडवली.

माझ्या तर मनात लाडू फुटले. सुवासिक साबणात न्हालो, दोरीवर वाऱ्यावर डोललो, वाळल्यावर घडी होऊन सेपच्या खुर्चीवर ऐटीत विराजमान झालो. सेप आला आणि त्याने आधी मला हुंगलं.

“विनी! तू हा धुतलास?”

“मग काय, पुजायचा होता? मेल्या घुशीचा वास येत होता त्याला!”

“माझा येत होता गं!” सेप ओरडला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

त्याने मला पुन्हा पिंजऱ्यात घातलं. नेली आली, तिने मला हुंगलं, शिंकली आणि दूरच्या कोपऱ्यात जाऊन अंगाचं वेटोळं करून बसली. तिने कोंबडीची मान खाल्ली नाही. सेपने हात पुढे केला तर हुंगलं नाही, सरळ चावली.

“हिला आता मी कुठंच सापडत नाही,” सेप म्हणाला. विनी दारात उभी होती. तिने हातमोजे काढून खिशात कोंबले.

मग सेपने मला अंगात घातलं. होय मित्रांनो, पुन्हा! त्या अंगाची ऊब मला परत मिळाली. आठवडाभर त्याने मला उतरवलं नाही. मला घालूनच लीकचे वाफे खणले, घाम गाळला, मला घालूनच झोपला. मी मोठ्या तोऱ्यात होतो. पण बुधवारी खणता खणता तो बाही नाकाशी नेऊन स्वतःशीच पुटपुटला, “नेलीला एवढा वास पुरे होईल का?” तेव्हा माझा तोरा उतरला. मी त्याच्या अंगावर होतो, पण होतो तिच्यासाठी. नेली तोवर चमच्यावरचं अंडं तेवढं चाटत होती. तिच्या पाठीची हाडं हाताला लागू लागली होती.

शनिवारी बेरिलबाई रिकामी टोपली घेऊन आल्या. विनीही आली आणि ओठ घट्ट मिटून खुर्चीत बसली. सेप जमिनीवर बसला, पिंजऱ्याचं दार उघडलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने माझी डावी बाही उलगडली. ती त्याच्या बोटांपुढे लोंबत राहिली.

नेली आली. बाहीचं टोक हुंगलं. मला अजून साबणाचा वास असता तर ती परत फिरली असती, हे मला कळत होतं. आणि खरं सांगतो, त्या घटकेला ती परत फिरू नये असं मला फार फार वाटलं. ती आत शिरली. मनगटावरून सरपटत कोपरापर्यंत गेली आणि भोकातून नाक बाहेर काढलं. सेपने दुसऱ्या हाताने अंडं पुढे केलं. तिने चाटून पुसून खाल्लं आणि तिथेच, सेपचा हात आणि मी यांच्या मधे, झोपून गेली.

बेरिलबाईंनी टोपली उचलली. “ही मी रिकामीच नेते,” त्या म्हणाल्या.

“ते भोक मी शिवणार होते,” विनी हळूच म्हणाली.

“राहू दे.”

“राहू दे तर राहू दे. बाही मात्र मी मुद्दाम लांब केली होती, लक्षात ठेव.”

तर मित्रांनो, घरात कुणी नवं आलं, माणूस असो की जनावर, तर त्याच्यापुढे नुसतं नवंकोरं मांडू नका. तुमचं जुनं, वापरलेलं, तुमच्या वासाचं काहीतरी द्या. आणि आम्हा जुन्यांना धुण्याआधी एकदा विचारा.

विनीने आता सेपसाठी नवा राखाडी स्वेटर विणलाय. दोन्ही बाह्या अगदी सारख्या. सेप तो घालून क्लबात जातो आणि घरी आला की खुंटीला टांगून मला अंगात चढवतो, कारण नेली त्या नव्याकडे ढुंकून बघत नाही. तो खुंटीवरून आमच्याकडे टक लावून बघत असतो. ती नजर माझ्या चांगली ओळखीची आहे. कुणीतरी त्याला सांगा, बाबा रे, थोडा धीर धर, थोडा मळून घे, तुझाही दिवस येईल. पण मित्रांनो, सांगायची फार घाई करू नका.