जावयाच्या हाती धाडलेला नकार

त्या आठवड्यात माझ्या हातून गणपतीचा एकही डोळा धड उतरेना. हमरापुरात आमचा मूर्तींचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, आणि डोळ्यांची आखणी माझ्याकडे. मे महिना, पत्रा तापलेला, मुंबईची गिऱ्हाइकं फोनवर फोन करतायत, आणि मी नुसता ब्रश बुडवून बसलोय. काढला तर एक डोळा पेणकडे बघतोय, दुसरा रोह्याकडे. पुसा, पुन्हा काढा. सासुरवाडीनं माझ्या हाती एक नकार धाडला होता, तो बायकोला द्यायचा होता, आणि देण्याची हिंमत होत नव्हती.

माझी बायको मालू रोह्याच्या एका रासायनिक कंपनीत पर्यावरणाचं काम बघते. हिवाळ्यात तिनं रोह्यातच एका संस्थेचा अभ्यासक्रम धरला होता. ‘जागतिक कारभाराचं बदलतं भविष्य आणि व्यावसायिकांची तयारी’. नाव वाचूनच मला धाप लागली.

“जगाचा कारभार रोह्यात कधीपासून आला?” मी विचारलं.

“जगाचा कारभार करणारी माणसं काय आकाशातून पडतात?” ती म्हणाली. “कुठेतरी तयार करावीच लागतात ना.”

तिचं म्हणणं असं, की आता नुसती सरकारं बसून ठरवत नाहीत. कंपन्या, बँका, गावं, सगळे टेबलाला येणार. मग इंजिनियरला, वकिलाला मसुदा लिहिता आला पाहिजे, लोकांचं एकमत घडवता आलं पाहिजे. वर्गातल्या सरावाच्या परिषदेत बोलायला तिला एक बेटांचा देश दिला होता. त्याचं भाषण ती आमच्या शेडमध्ये, न रंगवलेल्या गणपतींच्या रांगांसमोर पाठ करायची. “अध्यक्ष महोदय, समुद्र आमच्या दारात आला आहे,” असं म्हणून थांबायची. गणपती गप्प. “बघा, कुणाची हरकत नाही,” म्हणून मला डोळा मारायची. खरं सांगतो, त्या दिवसांत ती मला लग्नात दिसली होती त्याहून सुंदर दिसायची.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकानं खऱ्या माणसांचं खरं एकमत घडवून आणायचं होतं. ज्याचं काम उत्तम, त्याला नैरोबीतल्या एका संस्थेत दोन वर्षांची नोकरी. मालूनं निवडलं स्वतःचं माहेर.

तिचं माहेर गडबच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. भाताची शेती, आणि शेतीला खारं पाणी लागू नये म्हणून बाहेरून मातीचा बांध. उधाणाला बांध फुटतो, मग घरटी एक माणूस जाऊन तो बांधतो. परदेशातल्या एका निधीची योजना होती, की हा बाहेरचा बांध दुरुस्त न करता सोडून द्यायचा, तिथे खारफुटीचं कांदळवण वाढू द्यायचं आणि त्या बदल्यात गावाला दर वर्षी पैसे. दोन बांधांमधली शेती खाऱ्या पाण्याला जायची, आतली आतल्या बांधावर राखायची. मालूचा त्यावर मनापासून विश्वास होता. समुद्र चढतोय, आज ना उद्या बांध जाणारच, मग आपल्या अटींवर का सोडू नये, असं ती म्हणायची. मला विचाराल तर बोलणं चुकीचं नव्हतं.

मालूचे आईवडील गेलेले, भाऊ नाही, घराला कुलूप. गावकीत मोठे तिचे चुलते, गुणाजीकाका. त्यांनी देवळात बैठक बोलावली. एरवी बायका गावकीत बसत नाहीत, पण मालूला पुढे चटई टाकून दिली, मला खांबापाशी बसवलं. मालू झकास बोलली. मग वर्गात शिकवलेली मौनाची रीत तिनं समजावून सांगितली. मोठमोठ्या परिषदांत असंच करतात म्हणे. मसुदा वाटायचा, मुदत द्यायची, मुदतीत कुणी हरकत घेतली नाही तर सगळ्यांना मान्य.

“आत्ता कुणाला काही म्हणायचंय?” तिनं विचारलं. कुणी काही बोललं नाही. “मग शुक्रवारपर्यंत वाट बघते. शनिवारी रोह्याला जाहीर करणार.”

माणसं उठली. दोघातिघांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मालूचा चेहरा असा फुलला होता, की मीही हुरळलो. तेवढ्यात गुणाजीकाका मला हाताला धरून पिंपळामागे घेऊन गेले.

“जावयबापू, पोर आमची चांगली बोलली. पन गावाचा ‘नाय’ हाय.”

“मग तिथं का नाही सांगितलंत?”

“माहेरवाशिणीला तोंडावर नाय म्हनाची आमच्यात रीत नाय. आजपावतर कोनी म्हनला नाय. नाय असला की जावयाच्या हाती धाडतात. तुमी सांगा तिला, सांभालून.”

एवढं बोलून ते गेले. मी तिथेच उभा. गावानं आपला नकार माझ्या खिशात घातला आणि सगळे निवांत जेवायला गेले!

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. पण महिनाभर मी काय करत होतो ते तुम्हाला ठाऊक नाही. नैरोबीचं नाव निघालं की मी जेवण अर्धं टाकून उठत होतो. तिथलं पाणी कसं, तिथे मच्छर किती, असले प्रश्न विचारून तिला भंडावत होतो. जाऊ नको असं मात्र एकदाही म्हटलं नव्हतं. अशा नवऱ्यानं जाऊन सांगायचं, की तुझ्या गावाला हे नको आहे? शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही.

रविवारी सांगायला गेलो, ती नैरोबीच्या घरभाड्याची चौकशी करत होती. परत फिरलो. मंगळवारी सुरुवात केली, “मालू, तुझे काका...” तर म्हणाली, “काका किती थकलेत ना? नैरोबीच्या पहिल्या पगारातून त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेऊ.” बुधवारी मी शेडमध्ये एका पोरावर उगाच खेकसलो. रात्री कूस बदलून बदलून चादर पायात अडकायची. शुक्रवार संपला. मालूच्या फोनवर गावाकडून एकही हरकत आली नाही, आणि येणारही नव्हती, कारण ती माझ्याकडे होती.

शनिवारी सकाळी मोटरसायकलवर रोह्याला निघालो. ती मागे, नवी साडी, मांडीवर मसुद्याची फाईल. पेण मागे पडलं. गडब जवळ येऊ लागलं तशी मी गाडी हळू करत गेलो. गावाचा फाटा दिसला आणि मी गाडी बाजूला घेतली.

“काय झालं? पेट्रोल?”

“गावाचा नकार आहे,” मी म्हणालो. हेल्मेटही काढलं नव्हतं. “काकांनी त्याच दिवशी मला सांगितलं. माहेरवाशिणीला तोंडावर सांगत नाहीत, म्हणून.”

ती खाली उतरली.

“तुम्हाला मी जायला नको आहे.”

“नको आहे. पण हे खोटं नाही.”

“आठवडाभर थांबलात आणि आज सांगताय? दोन तास आधी?” तिनं तिथल्या तिथे काकांना फोन लावला. “काका, तुम्हाला योजना मान्य आहे की नाही?” पलीकडून काका काय म्हणाले ते मला ऐकू येत होतं. घरी ये, कोंबडी करतो, जेव, मग बघू. तिनं पुन्हा विचारलं. काकांनी पुन्हा कोंबडी सांगितली.

“बघा,” फोन ठेवून ती म्हणाली, “नाही म्हणाले नाहीत.” पण तिचा आवाज डगमगला होता. रस्त्यावरून ट्रक जात होते, साडी उडत होती. मग ती म्हणाली, “गाडी आत घ्या.”

गावात चिटपाखरू नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, सगळे बांधावर. आम्ही शेतांतून खाडीकडे गेलो. बाहेरच्या बांधावर घरटी एक माणूस होता. चिखलाची ढेकळं हातोहात जात होती, बांधाच्या भगदाडात पेंढा दाबत होते, वरून माती. जो बांध सोडून द्यायला गावाची हरकत नाही असं मालू रोह्यात जाहीर करणार होती, तोच बांध.

मालूनं ते बघितलं. तिला काही विचारायची गरज उरली नव्हती. मला वाटलं, आता ही रडेल, आणि तिला घेऊन घरी जावं. पण तिनं चपला काढल्या, फाईल माझ्याकडे दिली आणि चिखलात उतरून माणसांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

“काका, काम थांबवा. गावकी इथंच आहे ना? मग इथंच विचारते. मी आज माहेरवाशीण म्हणून आलेली नाही. बाबांच्या घराचा माणूस म्हणून आलेय. त्या घराकडून बांधावर कुणी नाही, म्हणून मी.” तिनं एक ढेकूळ उचललं, पुढच्याच्या हातात दिलं. “आता एकेका घरानं तोंडानं सांगायचं.”

सगळे गुणाजीकाकांकडे बघू लागले. काकांनी हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले. त्या माणसाचे मला हाल बघवेनात.

“नाय गो,” ते म्हणाले. “माझ्या घराचा नाय.”

मग पुढचं घर. नाय. त्याच्या पुढचं. नाय. कुणी मान खाली घालून म्हणालं, कुणी तिच्याकडे बघून. मोतीराम नावाचा एक तरणा पोरगा म्हणाला, आतला बांध पक्का करून देण्याचं आधी लिहून द्या, मग विचार करू, तर त्याच्यावर दोघं धावून गेले. त्यांना आवरलं. फिरत फिरत पाळी मालूपाशी आली.

“तुझ्या घराचा काय?” काकांनी विचारलं.

“व्हय,” मालू म्हणाली. “मला अजून पटतंय. माझ्या घराचा व्हय आहे.”

कुणी रागावलं नाही. काकांनी एवढंच म्हटलं, “एकमत नाय मग,” आणि कामाला हात घातला. मालूनं चिखलाच्या बोटांनी रोह्याला फोन लावला. अभ्यासक्रमाच्या चंद्रावती मॅडमना तिनं सांगितलं, की गावाची हरकत आहे. मॅडम म्हणाल्या, मुदत तर काल संपली, हरकत नोंदवलेली नाही, आता तू सोडून कोणाला कळणार? मालू म्हणाली, “मला कळलंय ना.” मग पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. नैरोबी दुसऱ्या कुणाला, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, असं काहीतरी.

ती आता जाणार नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. पण बांधावर पाय धुताना तिचे खांदे हलताना पाहिले आणि माझंच तोंड कडू झालं.

फाट्यावर आल्यावर ती गाडीवर बसेना.

“पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज करणार आहे,” ती म्हणाली. “तुमची काही हरकत?”

मी सवयीनं हेल्मेट उचललं. घातलं असतं तर काहीच बोलावं लागलं नसतं. ती हलली नाही.

“आहे,” मी म्हणालो. “हरकत आहे माझी. तू गेलीस तर मला करमणार नाही, मालू. मला नको आहे तू जायला.”

“मग हे महिनाभर का गिळून बसलात?” ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की फाट्यावरच्या चहाच्या टपरीतली माणसं वळून बघू लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती माझ्यावर रस्त्यात ओरडली ते पहिल्यांदा. तिनं टपरीतलं बाकडं ओढलं, त्यावर बसली आणि समोरच्या बाकड्याकडे बोट दाखवलं.

“बसा,” ती म्हणाली. “आता तुमची हरकत सविस्तर ऐकते. मग मी माझं सांगते.”

मी बसलो. हेल्मेट बाकड्याखाली ठेवलं.