गुलाबाखालचा आवाज

"डिस्कला डाग पडलेत," हुसेनसाब म्हणाले. "कॉपी व्हायला वेळ लागंल, बेटी."

"लागू द्या चाचा. शाळेत रजा टाकून आलेय."

वैजयंती जुळे सोलापूर या उपनगरातून आली होती. तिची आई शकुंतला तीन महिन्यांपूर्वी गेली. मागे फोटो एकच, आधार कार्डावरचा. हालती-बोलती आई सापडली तर वैजयंतीच्या लग्नाच्या डीव्हीडीत, आणि तिची स्वतःची डिस्क धड बघायच्या आधीच बिघडली होती. तीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलेले हुसेनसाब दुकानातल्या चारशे डिस्क आता हार्डडिस्कवर उतरवत होते. त्यात तिच्या लग्नाची ही प्रत निघाली.

फाईल तयार झाली. दोघं बघत बसले. हळद, फुगडी घालणाऱ्या आत्या, रश्शाला नावं ठेवत तिसऱ्यांदा वाढून घेणारे आण्णा, म्हणजे वैजयंतीचे काका. आई कुठंच नाही.

"अक्षता पडताना माझ्या मागंच हुबी हुती की."

अक्षता पडल्या. पडद्यावर लालभडक गुलाब उमलला, चार सेकंद राहिला, मिटला.

हुसेनसाब खाली बघून बोलले, "आण्णा म्हणले, विधवा बाई फोटूत नको. जितं जितं त्या आल्या, तितं मी गुलाब टाकला."

"आन् मूळ कॅसेट?"

"तिच्यावर दुसरं लग्न घेतलं. तवा तसंच करायचो."

बिड्या वळून जिनं हे लग्न उभं केलं, तिला पुसायला एक गुलाब पुरला. सांगणारा हिंदू, पुसणारा मुसलमान. बाईला पुसायचं म्हटलं की यांचं भांडण होत नाही.

"तुमच्या अम्मीला असंच झाकलं असतं का, चाचा?"

हुसेनसाबांनी फाईल बंद करायला माऊस हाती घेतला.

"मागं घ्या. आवाज मोठा करा. निदान मंगलाष्टकं तरी ऐकू द्या."

पुन्हा गुलाब उमलला. त्याच्याखालून, सनईच्या आडून, बारीक आवाज आला, "वैजे, मान वर कर गं. रडू नगं."

हुसेनसाबांचा हात माऊसवरच थांबला. चित्र झाकलं होतं. खालचा आवाज बंद करायचा राहून गेला होता.

वैजयंतीनं ते सात वेळा ऐकलं.

"एवढंच कापून द्या. बाकीचं लग्न तुमच्याकडंच असू द्या."

"गुलाब काढून नुसता आवाज देतो."

"नको. राहू द्या गुलाब. माझ्या पोरीला दिसू दे, आजीला कशाखाली गाडली ते."

मोबाईलमध्ये फाईल घेऊन ती गेली. हुसेनसाबांनी पुढची डिस्क लावली. केम गावचं कुठलंसं लग्न. तिथंही अक्षता पडताना गुलाब उमलला. त्यांनी आवाज वाढवला आणि कान पडद्याजवळ नेला.