श्रोत्याला नाही म्हणायचं नाही

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढं यावं, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. तिकडं तेलुगू मुलखात, अंबरपेठेत राहणाऱ्या एका कीर्तनवेड्या मराठी माणसाची आहे, आणि त्याच्या नातीची. ज्यांच्या घरात लेकरू आहे आणि लेकराच्या हाती फोन आहे, त्यांनी तर कान देऊनच ऐकावी.

नामदेवरावांचा जन्म गेला बियाण्यांच्या दुकानात, पण जीव कीर्तनात. दुकान मुलाच्या स्वाधीन केलं आणि दर रविवारी विद्यानगरच्या राममंदिरात उभं राहायला लागले. अंगावर उपरणं, हातात चिपळ्या, पेटीवर जुने मित्र एकनाथराव. रसाळ सांगायचे हो. पूर्वरंगात हसवायचे, उत्तररंगात डोळे पुसायला लावायचे. पण सतरंजीवर बसणारी डोकी सगळी पांढरी, आणि तीही दिवसेंदिवस विरळ होत चाललेली. माणसं कुकटपल्लीकडं राहायला गेली. येणार कोण इतक्या लांब?

तेव्हा नात प्रणिता म्हणाली, आजोबा, आपण लाइव्ह करू ना. पोर सातवीतली, गळा असा खणखणीत की आजोबांनी सूर सोडला तर ती उचलून धरायची. फोनवर एक ॲप घेतलं. त्यानं जन्मसाल विचारलं. प्रणितानं तिचं टाकलं, तर लहान मुलांना इथं प्रक्षेपण करता येणार नाही, असं उत्तर आलं. नामदेवराव हसले. म्हणाले, देवाच्या कामाला वयाची अट कसली, टाक माझं साल. सून माधवी पोळ्या लाटता लाटता म्हणाली होती, की मामंजी, ती अट उगाच घातली नसेल. पण कुकरची शिट्टी झाली आणि बोलणं तिथंच राहिलं.

कीर्तनाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मध्येच कुणी आलं तर सगळे सरकून जागा देतात, कपाळी बुक्का लावतात. कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही. श्रोत्यानं एखाद्या पदाची फर्माईश केली तर कीर्तनकार ती मोडत नाही. नामदेवरावांनी ही रीत जशीच्या तशी फोनला लावली. नातीला शिकवलं, "श्रोत्याला नाही म्हणायचं नाही, बाळा. कोण कुठल्या रूपात येऊन बसलाय, आपल्याला काय ठाऊक."

मग रोज सांजवातीनंतर दिवाणखान्यात फोन उभा राहू लागला. खालून वर चढणारी बारीक इंग्रजी अक्षरं नामदेवरावांना दिसायची नाहीत. ती प्रणिता वाचून दाखवायची. कुणी नमस्कार लिहिला, कुणी वाहवा केली. हरीदास नावाचा एक श्रोता तर रोज यायचा. गाणं संपलं की पडद्यावर गुलाबांचा पाऊस पाडायचा. नामदेवराव त्या खोट्या फुलांना खरे हात जोडायचे. विद्यानगरला उभं राहून सांगायचेसुद्धा, की घरोघरी असं करा, पोरांना गोडी लागेल. एकनाथरावांनी ते मनावर घेऊन आपल्या नातीला, त्रिवेणीला, तसंच खातं काढून दिलं.

एक दिवस हरीदासानं लिहिलं, की आजोबांच्या आवाजात मुलीचा आवाज झाकला जातो, तिनं एकटीनं बालकीर्तन करावं. केवढा आनंद झाला म्हाताऱ्याला. आपली नात एकटी उभी राहणार. आपला खोकला मध्ये यायला नको म्हणून ते स्वतः गॅलरीत जाऊन बसले, आणि जाताना खोलीचं दार ओढून घेतलं. पुढंही रोज तसंच करत गेले. आत पोर गातेय, बाहेर आजोबा मांडीवर ताल धरतायत. दार त्यांनीच लावलं होतं, हे लक्षात ठेवा.

एका दुपारी ते उपरण्याची घडी घालत होते. प्रणिता दाराशी येऊन उभी राहिली. नखानं चौकटीचा रंग खरवडत म्हणाली, "आजोबा, ते हरीदास अंकल गाण्याचं सोडून दुसरंच विचारतात. मला नक्को वाटतंय."

काय विचारतात, तर शाळा कुठली, बस कुठं थांबते. गाणं पुरे, उभी राहून गोल फिरून दाखव, म्हणतात. नामदेवरावांनी घडी पुरी केली. म्हणाले, अगं, माणूस जिव्हाळ्यानं विचारतो. रोज ऐकायला येणाऱ्याला तोडून बोलू नये. सांगितलंस तर तुझं काय झिजतं?

"हौ," एवढंच म्हणून ती गेली.

नंतर तिचा घसा दुखायला लागला. आजोबांनी ज्येष्ठमधाची कांडी दिली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. घसा दुखतच राहिला. आजोबा कुरकुरले, की श्रोते वाट बघतायत, घसा दोन दिवसांत उतरतो, तुझा हा कसला आळस. आणि एका सकाळी माधवी वेणी घालत असताना तिनं सांगितलं, की मी बसनं शाळेत जाणार नाही. का, म्हटल्यावर रडली, आणि मग सगळं बोलली.

माधवीनं आदळआपट केली नाही. फोन आणून सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला, त्यांचा चष्मा त्यांच्या हाती दिला आणि समोर बसून राहिली. इंग्रजी अक्षरांतली मराठी नामदेवराव एकेक शब्द लावत वाचू लागले. तुझी बस मी पाहिली. शनिवारी बेकरीच्या कोपऱ्यावर एकटी ये, चांदीच्या चिपळ्या देतो. आजोबांना सांगू नकोस, त्यांना हेवा वाटेल. आली नाहीस, तर तू गोल फिरतेस ते सगळं माझ्यापाशी ठेवलेलं आहे, तुझ्या वर्गाला दाखवीन.

हे वाचूनही माणूस कसाबसा बसून होता. पण वर प्रणिताची उत्तरं होती. सुरुवातीला तिनं दोनदा टाळलं होतं. मग लिहिलं होतं, की आजोबा म्हणतात श्रोत्याला नाही म्हणायचं नाही, म्हणून सांगते. आणि त्याखाली शाळेचं नाव.

नामदेवरावांनी चष्मा काढला. तोंडावर हात फिरवला, पण हात तोंडावरून निघेना. ज्या वाक्याचा त्यांना अभिमान होता, ते पोरीनं जसंच्या तसं पाळलं होतं. त्यांना पहिलं सुचलं ते हेच, की पुसून टाक सगळं, कुणाला कळायला नको. माधवी म्हणाली, "काही पुसायचं नाही, मामंजी. पोलिसांना हेच लागतं. लाज आपली आहे, तिची नाही."

ठाण्यात बाई अधिकारी होत्या. पोरीला त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आईला जवळ बसवलं. मग आजोबांकडं वळल्या. "पेद्दायना, खाते में उमर किसकी डाले थे?" तेलुगूत वडीलधाऱ्याला म्हणतात तसं आदरानं म्हणाल्या, आणि तो आदरच नामदेवरावांना जास्त लागला. मेरी, म्हणाले. बाईंनी समजावलं, की खरं वय टाकलं असतं तर ॲपनं तिला लाइव्ह जाऊच दिलं नसतं. तुमच्या सालामुळं ती यंत्राच्या हिशेबी म्हातारी झाली आणि सगळी दारं सताड उघडली. संदेश जपून घेतले, मग त्या माणसाला ब्लॉक केलं, ॲपवाल्यांना कळवलं. शनिवारी कोपऱ्यावर साध्या कपड्यांतली माणसं उभी राहिली. कुणी आलं नाही. हरीदास हे नाव खोटं होतं. शोध चालू आहे, एवढंच कळलं.

रविवार आला. एकनाथराव घरी येऊन हळूच सांगून गेले, की बोलू नकोस कुठं, पोरीचं नाव निघेल, घसा बसलाय म्हणून मोकळा हो. नामदेवरावांना ते पटलंही, खोटं कशाला सांगू. पण हा गृहस्थ बोलत असताना त्यांच्या डोळ्यांपुढं याच गृहस्थाची नात येत होती.

ते प्रणितापाशी जाऊन बसले. म्हणाले, तुझं नाव घेणार नाही, माझं घेतो, चालेल का.

"चालेल. पण माझी चूक नव्हती, हे पण सांगा."

त्या रविवारी पूर्वरंग कसाबसा झाला. रिवाजाप्रमाणे हार आला. नामदेवरावांनी मान वाकवली नाही. हार हातात घेऊन देवापुढं ठेवला आणि वळून सांगायला लागले. जन्मसाल सांगितलं, दार सांगितलं, घसा सांगितला. आवाज कीर्तनकाराचा राहिलाच नव्हता. लेकरानं मला आधीच सांगितलं होतं, म्हणाले, आणि मी उपरण्याची घडी घालत होतो.

मागून एक बाई पुटपुटल्या, की पोरींना असं मिरवलं की असंच व्हायचं. पूर्वी नामदेवरावांनी हसून सोडून दिलं असतं. त्या दिवशी म्हणाले, "आत्या, गाण्यात खोट नव्हती, पोरीतही नव्हती. खोट दार लावणाऱ्यात होती, आणि तो तुमच्यापुढं उभा आहे."

पेटीचा सूर अजून धरलेलाच होता, तो बंद पडला. एकनाथरावांनी भाता सोडला होता. समोर आईच्या कुशीशी बसलेल्या त्रिवेणीकडं ते बघत होते, आणि त्रिवेणी मान खाली घालून सतरंजीचा दोरा उसवत होती. म्हातारा पेटीमागून उठला, तिच्यापुढं जाऊन सतरंजीवर बसला, आणि हळूच विचारलं, "बाळ, तुझ्याकडं कोण येतं ऐकायला?"

उत्तररंग त्या दिवशी झाला नाही. आरती मात्र झाली. प्रणिता गायली नाही, आईपाशी उभी राहून नुसत्या टाळ्या वाजवत होती. पुढं कधी गाईल का, नामदेवरावांनी विचारलेलं नाही. तिच्या खोलीचं दार तीच उघडते, तीच लावते. आणि फोन असतो दिवाणखान्यात, सगळ्यांच्या देखत.

आता उठण्याआधी एवढं करा. नामदेवरावांना विसरलात तरी चालेल, त्यांना ते बरंच वाटेल. पण तुमच्या घरचं लेकरू कधी दाराशी उभं राहून, नखानं चौकट खरवडत, मला नक्को वाटतंय असं म्हणालं, तर हातातली घडी खाली ठेवा, आणि जिनं त्या दुपारीच सांगितलं होतं त्या पोरीची आठवण ठेवा.