मऊ कमान

“हे तुमच्याच धंद्यातल्या माणसानं केलंय,” असं म्हणत बाईंनी लाकडी पेटी ऐरणीवर ठेवली आणि झाकण काढलं.

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. आत मेणाचं पोळं चौकटीतून तुटून तळाशी पडलं होतं. मध ओघळून फळीवर थिजला होता आणि त्यात मूठभर मेलेल्या मधमाश्या चिकटून बसल्या होत्या.

“ह्यातलं मला काय कळणार?” मास्तर म्हणाले. “माझं काम टेम्पो-ट्रकच्या कमानींचं, त्यातल्या लोखंडी पाट्यांचं.”

“पाट्यांचंच सांगतेय. माझ्या पेट्या वरच्या पठारावर न्यायच्यात. वाटेत ओढा लागतो. गाडी भरली की मागून बसते आणि बूड दगडांवर घासतं. म्हणून मागची बाजू उचलून घेतली. त्या माणसानं दोन जाड पाटे घातले आणि गाडी उंच करून दिली. पण कडक अशी केली की पहिल्याच खेपेला सहा पेट्यांची ही गत झाली.”

मास्तरांनी हात कानामागे नेला. चाळीस वर्षं लोखंडावर घण घालून त्यांचे कान निम्मे कामातून गेले होते. दुकानाच्या मागेच घर होतं. तिथून त्यांची बायको दारात आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “अहो, त्यांना गाडी उंच पाहिजे, पण मऊ पाहिजे.”

चाळीस वर्षांत आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक एकच मागणं घेऊन यायचं: मास्तर, कडक करा, अजून माल बसला पाहिजे. मऊ करा म्हणणारं माणूस ते आज पहिल्यांदाच बघत होते.

“मी ह्या महिन्याअखेर दुकान बंद करतोय,” ते म्हणाले. उजवं मनगट त्यांनी डाव्या हातात धरलं होतं. “हात चालत नाही आता. चौकात माझ्या मुलाचं दुकान आहे, सुट्या भागांचं. तो तयार सामान मागवून देईल.”

“तिथूनच आले मी. सामान यायला आठ दिवस लागतील म्हणाले. वरचा फुलोरा चार दिवसांत उतरणीला लागेल आणि खाली तर आता एक फूल उरलेलं नाही. बावीस पेट्या उपाशी आहेत. तुमच्या मुलानंच इकडे पाठवलं. म्हणाले, मऊ कमान बांधणारा माणूस एकच आहे, आणि तो मी नाही.”

हे वाक्य मात्र मास्तरांना एका दमात ऐकू आलं.

बापलेकाचं वाकडं होतं असं नाही. एका घरात राहत, एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून जेवत. पण सहा वर्षांपूर्वी मुलानं घण खाली ठेवला, तेव्हा मास्तर बोलून गेले होते की, खोक्यातला माल विकायला हात कशाला लागतात. त्या दिवसापासून जेवताना पाण्यापावसाच्या, दुखण्याखुपण्याच्या गप्पा होत. कामाचा विषय कुणीच काढत नसे.

“गाडी आत घ्या,” मास्तर म्हणाले.

गाडी जॅकवर चढली. चाकं निघाली, कमानी धरून ठेवणारे बोल्ट सुटले, आणि दोन्ही बाजूंचे पाटे जमिनीवर एकाखाली एक मांडले गेले. नंतर घातलेले दोन जाड पाटे मास्तरांनी पायानंच बाजूला सारले. भिंतीशी रचलेल्या ढिगातून त्यांनी लांब, पातळ पाटे निवडून काढले.

“दोन जाड काढले आणि चार पातळ घातले, तर वजन तेवढंच पेलतं. पण पातळ पाटा वाकतो. जाड पाटा वाकत नाही, धक्का तसाच वर पाठवतो,” त्यांनी बाईंना सांगितलं. “आणि उंची जाडीतून नाही, पाट्याला दिलेल्या बाकातून काढायची.”

जमिनीवर खडूनं त्यांनी एक मोठी कमान काढली. प्रत्येक पाटा ठोकून ठोकून त्या रेषेवर बसवायचा होता. पहिले दोन नीट बसले. तिसऱ्याला मनगट दगा देऊन गेलं. घण तिरका पडला, पाट्याच्या कडेवर बसला आणि केसासारखी चीर आडवी धावली.

मास्तरांनी चिरेवरून अंगठा फिरवला. मग स्टुलावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. बायको चहा ठेवून गेली, तो निवून गेला. बाई फाटकाशी उभ्या राहिल्या. हा माणूस आता नाही म्हणणार, हे त्यांना कळून चुकलं होतं.

दुपार कलताना मुलगा आला. बाईंच्या उंच होणाऱ्या गाडीला लांब ब्रेकपाइप आणि लांब शॉकअप्स लागतील हे त्याला न सांगताच ठाऊक होतं. ते घेऊनच तो आला होता. सामान त्यानं फळीवर ठेवलं. चिरलेला पाटा बघितला, बापाचं मनगट बघितलं. शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि घण उचलला.

“कुठे?” त्यानं विचारलं.

मास्तरांनी ढिगातून दुसरा पाटा ओढला, ऐरणीवर धरला आणि बोट ठेवलं. “इथे. हळू.”

घण पडला.

“अजून एक. जरा पुढे. बास.”

संध्याकाळपर्यंत दुकानात एवढंच बोलणं चाललं. मास्तर बोट ठेवत होते, मुलगा ठोकत होता. एकदा मुलाचा घण जोरात बसला, तेव्हा मास्तर म्हणाले, “राग काढतोस काय?” मुलगा म्हणाला, “थोडा.” दोघंही हसले नाहीत, पण पुढचा पाटा एका दमात रेषेवर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमानी चढल्या. मागची बाजू चांगली वीतभर वर आली. बावीस पेट्यांच्या वजनाची वाळूची पोती मागे टाकली. आता प्रश्न होता मऊपणा कोण जोखणार. तेवढ्यात मास्तरांची बायको पदर खोचून म्हणाली, “मी बसते. माझ्या कमरेला समजतं सगळं.”

तिला दोघांनी धरून वर चढवलं. पोत्यावर बसून ती गावाबाहेरच्या खडबडीत रस्त्यावरून एक फेरी मारून आली.

“डावीकडे काही नाही,” तिनं निकाल दिला. “उजवीकडे दणका बसतो. चाळीस वर्षं तुमच्या गाड्यांचं कौतुक ऐकत आलेय, आज बसायला मिळालं.”

उजवी कमान पुन्हा उतरवली. सगळ्यात खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्यात रुतत होतं. मास्तरांनी ते कानशीनं गोल केलं, ग्रीस भरलं. मागची बाजू उंचावल्यामुळे पुढचे दिवे जमिनीकडे बघायला लागले होते. मुलानं ते वर करून दिले. दुसऱ्या फेरीला बायको खाली उतरली आणि म्हणाली, “मला डुलकी लागत होती.”

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गाडी निघाली. पेट्यांची तोंडं जाळीनं बंद केली होती. मास्तर आणि त्यांची बायको पुढे बाईंच्या शेजारी बसली. ओढ्यात उतरल्यावर बाईंनी स्टिअरिंग गच्च धरलं. मागची चाकं एकेका दगडावर चढली, उतरली; बूड कुठेच घासलं नाही. गाडी पलीकडच्या काठावर चढली.

पठारावर उन्हं यायला लागली होती. नजर पोचेल तिथवर बारीक जांभळी फुलं होती. बाईंनी एकेक पेटी उतरवून मांडली आणि जाळ्या काढल्या. मग मधोमध असलेल्या एका पेटीचं झाकण उचलून चौकट उन्हाकडे धरली. मेण जिथल्या तिथे होतं. त्यांनी सगळ्या, अगदी बाविसाव्या पेटीपर्यंत पाहिल्या, आणि शेवटचं झाकण लावून तिथेच गवतात बसल्या.

“पुढल्या फुलोऱ्याला परत खाली न्याव्या लागतील,” त्या म्हणाल्या. “तेव्हा कमानी बघून द्याल ना? दुकान बंद म्हणालात.”

“आणा,” मास्तर म्हणाले. “मुलगा ठोकेल. मी बोट ठेवीन.”

रिकाम्या गाडीचं मागचं दार खाली पाडून मास्तर कसेबसे वर चढून बसले. गाडी उंच झाली होती. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ते सावकाश पाय हलवत फुलांकडे बघत राहिले.

बायको खाली उभी होती. “उतरता येईल का?” तिनं मोठ्यानं विचारलं.

“येईल,” ते म्हणाले. “जरा वेळानं.”